विमानाआधीचा काटा

आमचे भावोजी चिक्कू आहेत, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मी त्यांना उगाच डोक्यावर घेतलं. साबणाची शेवटची चपटी चकती नव्या वडीला दाबून चिकटवणारा माणूस. हॉटेलात मेन्यूकार्ड हातात आलं की आधी उजवी बाजू वाचणार. तर असा हा माणूस त्या दिवशी बोटीवरच्या जेवणाच्या टेबलावर, सूप पिता पिता, एकदम म्हणाला, "आपण त्या विमानाची तिकिटं काढू या." माझ्या हातातला चमचा वाटीत पडला आणि सूप शेजारच्या बाईंच्या बाहीवर उडालं.

हे विमान काय प्रकरण होतं तेही सांगते. आमची बोट थंड मुलुखातून चालली होती. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवर बर्फ. मधल्या एका बंदरात ती दिवसभर थांबणार होती आणि तिथे पाण्यावरूनच उडणारी छोटी विमानं होती. पाच-सहा माणसं बसवायची, वर न्यायची, डोंगरापलीकडची बर्फाची नदी दाखवायची आणि अर्ध्या तासात परत आणून सोडायची. याचे पैसे बोटीच्या तिकिटात धरलेले नव्हते. वेगळे होते, आणि ऐकून माणसाने आधी खुर्ची घट्ट धरावी इतके होते.

बोटीचं तिकीट तरी आम्हाला कुठलं परवडायला? ते लेकीच्या जिवावर. ताई-भावोजींची एकुलती एक मुलगी त्या बोटीवर स्वागताच्या काउंटरला असते. तिथल्या माणसांना सबंध नोकरीत एकदाच घरची तीन माणसं जवळपास फुकट नेता येतात. आई, बाबा आणि तिसरी मी, मावशी. मी पाळणाघर चालवते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून माझा आवाज मोठा झालाय आणि पारा चढायला वेळ लागत नाही. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, डोक्यावरून पाइप गेलेले, पलंग एकावर एक. पण लेक गणवेश घालून, छातीवर नावाची पट्टी लावून समोरून गेली की ताईचा चेहरा असा खुलायचा की मीही त्या पाइपांना नावं ठेवणं सोडून दिलं.

भावोजींना सगळे काटेवाले म्हणतात. खडी-वाळूच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक तोलायचा वजनकाटा आहे, तिथे त्यांनी उभी हयात काढली. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पत्रा, त्यावर ट्रक उभा राहणार, आणि बाजूच्या केबिनमध्ये भावोजी. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला. भरलेल्यातून रिकाम्याचं वजन वजा केलं की झाला माल. काम एवढंसं, पण त्यात लोक काय काय उद्योग करतात म्हणून सांगू! वाळू जड व्हावी म्हणून पाणी मारून आणतात. क्लीनरला ताडपत्रीखाली झोपवतात. भावोजी खिडकीतून ओरडायचे, "ड्रायव्हर खाली! पाण्याचा कॅन खाली! जो झोपलाय तोही खाली!" एकदा एका ड्रायव्हरच्या चपला गाडीत राहिल्या होत्या, तर त्याही उतरवायला लावल्या. तो वैतागून म्हणाला, "चपलांनी काय फरक पडतो साहेब?" हे म्हणाले, "फरक पडत नाही ना? मग काढून ठेव."

आणि आकडा कायम मोठ्याने वाचायचा. देणाऱ्यानेही ऐकावा आणि घेणाऱ्यानेही. खाणमालकाच्या माणसांनी गोड बोलून पाहिलं, दम देऊन पाहिला, हे आपले जो आकडा आला तोच वाचणार. घरी जेवताना याच गोष्टी. ताईला ट्रकवाल्यांच्या सगळ्या लबाड्या पाठ झाल्या होत्या. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच त्याच्या स्प्रिंगा किती दबल्यात हे बघून भावोजी वजन सांगायचे आणि ते सहसा चुकायचे नाहीत. दरवर्षी एकदा पिठाच्या गिरणीत जाऊन तिथल्या काट्यावर घरच्या सगळ्यांना उभं करायची त्यांना खोडच होती. मी त्या दिवशी हटकून आजारी पडायचे.

यंदा ताईनेही टाळलं होतं. "गुडघा दुखतोय हो, पुढच्या महिन्यात बघू." तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मग एक दिवस ती मला म्हणाली, "चल जरा माझ्याबरोबर," आणि थेट दवाखान्यात घेऊन गेली. पोटाचा फोटो काढून झाला होता. डॉक्टर बाई होत्या, सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, गाठ आहे, चांगली दिसत नाही, ऑपरेशन लवकर करून घ्या, थांबू नका. ताईने विचारलं, "महिनाभर थांबलं तर?" त्या पुन्हा तेच म्हणाल्या, थांबू नका.

बाहेरच्या बाकावर बसून ताईने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "बोटीवरून येऊ दे. आल्यावर मी स्वतः सांगते. तोवर तू यांना एक अक्षर बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"असल्या शपथा या वेळेला घालतात का गं?" मी भर रस्त्यात ओरडले. "अक्कल आहे का तुला?"

"यांना कळलं तर हे येतील का? मला जाऊ देतील का? पोरीला बघून वर्ष उलटून गेलंय. तिला तिच्या कामावर उभी असलेली बघायचीय मला. एकदा बघते, मग कापा काय कापायचं ते."

मूग गिळून बसले. राग मात्र भावोजींवर निघत होता. ट्रक बघून वजन सांगणारा हा शहाणा, आणि घरात बायको डोळ्यांदेखत वाळत चाललीय तर याला पत्ता नाही! ताई आत दोन दोन ब्लाउज घालायची, अंगभर शाल घ्यायची. तरी गळ्याची हाडं दिसतातच की. निघायच्या आधी तर या महाशयांनी भलतंच काढलं. स्कूटरची मागची स्प्रिंग कडक झालीय म्हणाले. मेकॅनिकने बघितली, चांगली आहे म्हणाला. हे त्याच्याशी भांडले, नवे शॉकअब्सॉर्बर बसवून घेतले, एवढा चिक्कू माणूस. पुन्हा घरी येऊन म्हणाले, नाही, अजून मागून दबत नाही, आणि परत जाऊन भांडले. मला वाटलं, घ्या! बायकोकडे बघायला वेळ नाही आणि स्प्रिंगा चाचपत बसलेत.

तर हे सगळं पोटात घेऊन मी त्या बोटीवर बसले होते, आणि हे म्हणत होते विमान.

"महाग आहे, नको," ताई लगेच म्हणाली.

"मी भरतो ना."

टेबलावर शेजारी दोन जोडपी असायची. त्यातल्या सूपवाल्या बाई मागे एकदा उडून आल्या होत्या. बाही पुसत त्या म्हणाल्या, आयुष्यात एकदा घ्यावाच असा अनुभव, बोटीवरून दिसतं ते काहीच नाही. समोरचे निवृत्त शिक्षक म्हणाले, डोंबल! अर्धा वेळ नुसता पंख दिसतो, उरलेल्या वेळात समोरच्याचं टक्कल. ढग आले तर तेही दिसत नाही. लेक तेव्हा आमच्या टेबलाशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, दर फेरीला लोक उडून येऊन रडतात. काही जण आनंदाने रडतात, काही जण बिल बघून." सगळे हसले. मग ती पुढे म्हणाली, "आणि एक आहे. विमान छोटं असतं, म्हणून चढायच्या आधी सगळ्यांना काट्यावर उभं करतात. कपडे, पिशव्या, सगळ्यासकट."

"काटा?" भावोजी ताठ बसले. "माणसं तोलतात?"

"हो ना. कुणाला कुठे बसवायचं ते वजनावर ठरतं."

मला वाटलं, झालं, म्हातारा आता काटा बघायला चाललाय! निवृत्त होऊन हात शिवशिवत असतील. पण माझं लक्ष ताईकडे होतं. तिने पाव तोडायला घेतला होता, तो तसाच बशीत ठेवला.

त्या दिवसापासून मी त्या विमानामागे हात धुऊन लागले. भावोजी, खाली डेकवर उभं राहिलं की तोच बर्फ फुकट दिसतो. भावोजी, हवा बिघडली तर सगळं बोंबलणार. भावोजी, त्या पैशात स्वयंपाकघराला नव्या फरश्या बसतील. एरवी फरशीचं नाव काढलं की विषय बदलणारा माणूस म्हणाला, "फरश्या नंतर बसवू." मी म्हटलं, "अहो, तुम्हाला शिडीवर चढलं तरी चक्कर येते." म्हणाले, "डोळे मिटून बसेन." मी थक्कच झाले. डोळे मिटून बसायला एवढे पैसे!

आणि खरं सांगू, मधेच माझं मनच उडालं त्या वादातून. एकदा मनात आलं, होऊ दे की. मी तोंड उघडायला नको, शपथ मोडायला नको, काट्याचा आकडाच बोलेल. डॉक्टर बाई थांबू नका म्हणाल्या होत्या आणि आम्ही बर्फ बघत फिरत होतो. रोज सकाळी ताई नाश्त्याची बशी काट्याचमच्याने नुसती इकडेतिकडे करायची आणि "पोट भरलं" म्हणायची. मला तिच्या पोटाची भीती वाटायची.

भावोजींनी ऐकलं नाहीच. सहलींच्या काउंटरवर जाऊन तिकिटं मागितली. तिथल्या बाईंनी प्रत्येकाचं अंदाजे वजन विचारलं. माझं मी त्यांच्या कानात सांगितलं, तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय! ताईचं मात्र हे पटकन बोलून मोकळे, "बासष्ट." त्या बाई हसून म्हणाल्या, बायकोचं वजन माहीत असलेला नवरा मी पहिल्यांदाच बघितला. भावोजी हसले नाहीत. ताईकडे बघून म्हणाले, "बासष्टच ना गं? मागच्या वर्षी गिरणीत आलं होतं."

"तेवढंच असेल," ताई म्हणाली.

बंदर यायच्या दिवशी पहाटे ताईने मला हलवून उठवलं. भावोजी खालच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. ती कोट-बूट घालून तयार होती. "चल," एवढंच म्हणाली. बोटीवर व्यायामाची खोली होती, तिथे आम्ही गेलो. त्या वेळी कुणी नव्हतं. कोपऱ्यात वजनाचं यंत्र. ती कोट, बूट, पर्स सगळ्यासकट त्यावर चढली. चौपन्न.

चौपन्न! म्हणजे नुसती माझी बहीण किती उरली असेल?

ताई खाली उतरली आणि शेल्फकडे गेली. तिथे त्या वाळू भरलेल्या पट्ट्या असतात ना, तरुण पोरं हातापायाला बांधून पळतात, तशा ठेवल्या होत्या. तिने एक उचलून बघितली. "पायाला दोन बसतील. दोन जोडून पोटाला. कोटाखाली दिसायच्या नाहीत."

"वाळू?" मी म्हटलं. "तू त्या माणसाला वाळूने फसवायला निघालीस?"

"त्यांच्याकडूनच शिकले." ती हसायला गेली आणि तिला खोकला आला. "माझा हात मागे पोचत नाही. बांध."

"मी नाही बांधणार. आज कळतंय तर कळू दे. किती दिवस रेटणार आहेस?"

"अजून थोडे दिवस. काल पोरीने मला तिच्या साहेबांना भेटवलं. ही माझी आई, म्हणाली. परवा तिला सुट्टी आहे, मला गावात फिरवणार आहे. एवढं होऊ दे गं. नंतर माझ्याकडे नुसतं ऑपरेशनच आहे."

मी बांधल्या. रडतबिडत नाही, शिव्या घालत बांधल्या. तिला, त्या विमानाला, तिच्या नवऱ्याला. पट्टी आवळताना माझा हात तिच्या कमरेभोवती किती सहज फिरला, ते मला आठवलं तरी आता नकोसं होतं. ती पुन्हा यंत्रावर चढली. बरोबर बासष्ट. पॉइंटही इकडचा तिकडे नाही. आम्ही दोघी इतक्या खूश झालो की एकमेकींना टाळी दिली. दोन मूर्ख बायका.

धक्क्यावर वारा बोचत होता. लाकडी फळ्यांचा धक्का, त्याच्या टोकाला पिवळं विमान पाण्यावर डुलत उभं. एक लाल टोपीवाली पोरगी काट्यापाशी. आमच्याबरोबर ते शिक्षक आणि त्यांची बायको होती. टक्कल-टक्कल करून शेवटी त्यांनीही तिकिटं काढलीच होती. त्यांचं तोलणं झालं आणि ते विमानाकडे गेले. मग भावोजी पुढे झाले. आधी त्यांनी काटा शून्यावर आहे का ते वाकून बघितलं. मग दोन्ही पाय मधोमध ठेवून उभे राहिले आणि स्वतःचा आकडा मोठ्याने वाचला. लाल टोपीला गंमत वाटली. माझ्या वेळी मी म्हटलं, "वाचायचं नाही हं!" आणि त्यांनी खरंच वाचलं नाही.

मग ताई. धक्क्यावरून चालताना ती पाय ओढत होती, त्या पट्ट्यांनी घोटे भरून आले असणार. ती काट्यावर चढली. पर्स छातीशी धरलेली. आकडा स्थिर झाला.

"बासष्ट," भावोजींनी वाचलं.

मी सुटकेचा श्वास सोडला. लाल टोपीने पुढे व्हायची खूण केली. ताई उतरायला लागली.

"थांब," भावोजी म्हणाले.

"काय झालं?"

"काउंटरवर मी सांगितलं ते घरातल्या कपड्यांतलं वजन होतं. अनवाणी." ते अगदी हळू बोलत होते. "हा कोट, हे बूट, ही पर्स. यांचं वजन कुठे गेलं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! भरलेलं आणि रिकामं! सबंध आयुष्य ज्या वजाबाकीवर या घराची चूल पेटली, ती वजाबाकी आम्ही दोघी विसरलो होतो.

"बोटीवर जरा उतरले असेन," ताई म्हणाली.

"बोटीवर लोकांची वजनं वाढतात."

भावोजींनी लाल टोपीकडे बघून हात जोडले, जरा थांबा म्हणून. मग ताईच्या हाताला धरून तिला खाली घेतलं. "कोट काढ. रिकामी करून परत घेऊ."

ट्रकवाल्यांवर ओरडायचे तो आवाज नव्हता हो तो. ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली नाही, होकारही दिला नाही, नुसती उभी राहिले. तिने पर्स माझ्या हातात दिली, मग कोट काढून दिला. बूट काढले. मग ती खाली वाकून घोट्याच्या पट्ट्या सोडायला लागली, पण बोटं गारठलेली, सुटेनात. भावोजी तिच्यासमोर फळ्यांवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी त्या सोडल्या. मग पोटावरच्या. एकेक पट्टी फळीवर धप्प करून पडली. वाळू, ते बघून म्हणाले, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं हसतायत. हसत नव्हते.

ताई काट्यावर चढली. पायांत नुसते मोजे. वाऱ्याने कपडे अंगाला चिकटले होते आणि ती किती बारीक झाली होती ते आता कुणालाही दिसलं असतं. आकडा थांबला. भावोजी त्याच्याकडे बघत उभे राहिले. वाचेनात.

"वाचा ना हो," ताई म्हणाली.

"पन्नास," मग तिनेच वाचलं, मोठ्याने. "पोटात गाठ आहे. परत गेल्यावर सांगणार होते."

मी चटकन कोट तिच्या अंगावर टाकला. भावोजी म्हणाले, "मला माहीत होतं. आकडा तेवढा माहीत नव्हता."

"माहीत होतं?" मी किंचाळलेच. "आणि गप्प बसलात?"

"विचारलं होतं ना हिला. उन्हाने भूक मेलीय म्हणाली. परत विचारलं, तर हसून उडवून लावलं. गिरणीत येईना." ते माझ्याशी बोलत होते पण बघत होते तिच्याकडे. "इतकी वर्षं मागे बसते माझ्या. ही बसली की स्कूटर दबते, मला कमरेला कळतं. मग दबेनाशी झाली. मला आधी वाटलं, स्प्रिंगच गेली. स्प्रिंग बदलली तरी दबेना. मग समजलं. पण समजून काय करू? बोलायला मला कुठे येतं? पोरीने सांगितलं विमानाआधी तोलतात, तेव्हा म्हटलं, इथे तरी ही खरं उभी राहील."

म्हणजे हा माणूस विमानासाठी आलाच नव्हता! शिडीवर चक्कर येणारा, साबणाच्या चकत्या जपणारा हा माणूस इतके पैसे मोजून बायकोला काट्यापर्यंत घेऊन आला होता. आणि मी त्याला फरश्या सुचवत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मीच म्हटलं, "थांबू नका म्हणाल्या." शपथ मोडली की नाही कुणास ठाऊक. मोडली असेल तर मोडू दे.

विमानाचा पंखा फिरायला लागला होता. लाल टोपीच्या चेहऱ्यावरची गंमत केव्हाच गेली होती. तिने खुणेने विचारलं, येताय ना? ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, जाऊन येऊ. पैसे भरलेत तुम्ही. वाया जातील."

"वसूल झाले," भावोजी म्हणाले.

शिक्षक आणि त्यांची बायको खिडकीतून आमच्याकडे बघत वर गेले. आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसलो. त्या पट्ट्या भावोजींनी स्वतःच्या खांद्यावर टाकल्या, मला उचलू दिल्या नाहीत. मग ते म्हणाले, "त्या मेकॅनिकशी मी उगाच भांडलो." ताई हसली आणि हसता हसता त्यांच्या खांद्यावर, त्या वाळूच्या पट्ट्यांवरच, डोकं ठेवून रडायला लागली.

आम्ही त्याच दिवशी बोट सोडली. लेकीने काउंटरमागेच रडून घेतलं, तोंड धुतलं, फोन केले, परतीची सोय लावली. निरोप घेताना ताईने तिच्या छातीवरची नावाची पट्टी सरळ केली आणि सुट्टीच्या दिवशी कुठे नेणार होतीस ते विचारून घेतलं. लेकीने सगळं सांगितलं, कुठलं दुकान, कुठला पूल. ताई ऐकत राहिली.

ऑपरेशन झालं. आता औषधं चालू आहेत, शिरेतून द्यायची. दर खेपेला आधी तिथली नर्स वजन करते आणि आकडा कागदावर लिहून घेते. पण तो वाचायचं काम भावोजींनी आपल्याकडे घेतलंय. नर्सही आता काही म्हणत नाही. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. प्रत्येक वेळी मोठ्याने, कमी नाही, जास्त नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकते आणि मला ओरडावंसं वाटतं, वाचू नका हो! डॉक्टर बाई म्हणतात, आता घसरण थांबायला हवी. दवाखान्यातून ते तिला स्कूटरवरूनच घरी नेतात, स्पीडब्रेकर आला की थांबतात, पाय टेकतात आणि मग हळूच पुढे घेतात. मागची गाडी कितीही भोंगा वाजवू दे.

परवा मी आत होते. ताई काट्यावर चढली. आकडा हलला, थांबला. अठ्ठेचाळीस. वाढलं! आणि मग माझी नजर खाली गेली. ताईच्या पायांत चपला होत्या. जाड तळाच्या, हिवाळ्यातल्या. ती काढायची विसरली होती, की विसरली नव्हती, देव जाणे. नर्स कागदात बघत होती.

भावोजींनी चपला बघितल्या. त्यांच्या नजरेतून चप्पल सुटणं शक्यच नाही. ताईने वर बघितलं, त्यांच्या डोळ्यांत, आणि एवढंसं म्हणाली, "राहू दे ना हो."

त्यांनी पुन्हा एकदा त्या चपलांकडे बघितलं. मग काटेवाल्यांनी, बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं, "अठ्ठेचाळीस!"

मी तोंडातून अक्षर काढलं नाही.